रेफरल, रेफरन्स की रेकमेंडेशन? इंग्रजी कागदावर कोणता शब्द लिहायचा

नाशिककर ज्याला नुसतं ‘संदर्भ’ म्हणतात, त्या सरकारी दवाखान्याचं पूर्ण नाव आहे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. अमरावतीतही याच नावाचं रुग्णालय आहे. ‘बाबांना संदर्भला नेलंय’ एवढं फोनवर सांगितलं की नातेवाइकांना अर्थ कळतो: खालच्या दवाखान्यात भागलं नाही, वर पाठवलं. हा ‘संदर्भ’ म्हणजे इंग्रजीतला रेफरल.

पण सरकारी पत्राच्या डोक्यावर ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक’ असं लिहितात, तोही संदर्भच. इंग्रजीत मात्र तो रेफरन्स. मराठीत एकच शब्द दोन कामं करतो आणि आपण इंग्रजी लिहायला बसलो की घोटाळा होतो.

मी मराठी कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर करते. गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला. नोकरी परदेशात, वडील इथे अत्यवस्थ. रजा वाढवून मिळावी म्हणून त्याने दवाखान्याचे कागद घाईघाईने ओळखीच्या कुणाकडून इंग्रजीत करून घेतले आणि कंपनीला पाठवले. मूळ चिठ्ठीत होतं, ‘पुढील उपचाराकरिता संदर्भित करण्यात येत आहे.’ भाषांतरात झालं, ‘सेंट फॉर रेफरन्स.’ तिकडे याचा अर्थ लागला ‘माहितीसाठी सादर’. म्हणजे कागद नुसता नजरेखालून घालण्यासाठी आलाय, घाईचं काही नाही. चार दिवस कुणी उत्तर दिलं नाही. वडील तेव्हा आयसीयूत होते. त्या चार दिवसांत त्या मुलाची काय अवस्था झाली ते मी पाहिलं आहे. म्हणून हा विषय मला नुसत्या शुद्धलेखनाचा वाटत नाही.

एक डॉक्टर, तीन पत्रं

हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहायचे तर माणसं तीच ठेवावीत. तालुक्याच्या गावातल्या एक डॉक्टर बाई धरा आणि त्यांच्या दवाखान्यात दोन वर्षं काम केलेली एक नर्स.

या नर्सला छातीत धडधड होते. बाई तपासतात, ईसीजी काढतात आणि जिल्ह्याच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे पत्र लिहितात: अमुक वय, अमुक तक्रार, इतके दिवसांपासून, नाडी इतकी, हे औषध चालू केलं आहे, कृपया पाहावे. हे रेफरल.

त्याच नर्सने मुंबईच्या एका रुग्णालयात अर्ज केलाय. तिथून बाईंना विचारणा येते: ही तुमच्याकडे होती का, कधीपासून कधीपर्यंत, कामाला कशी होती? बाई उत्तर लिहितात. हा रेफरन्स. आणि बाई झाल्या रेफरी.

पुढे तिला एमएस्सी नर्सिंगला जायचंय. बाई लिहितात की मुलगी हुशार आहे, रात्रपाळीत एकटीने तिने कठीण केस सांभाळली, हिला प्रवेश द्यावा. हे रेकमेंडेशन, आपलं शिफारसपत्र.

तिन्ही पत्रांत नर्स तीच, सही तीच. फरक पत्रातल्या मजकुराच्या दिशेचा आहे. रेफरलमध्ये गरज लिहिलेली असते: हिला जे हवं ते माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. रेफरन्समध्ये मागचं लिहिलेलं असतं, तेही कुणी विचारल्यावर. रेकमेंडेशनमध्ये गुण असतात आणि पुढची विनंती. रेफरलमध्ये कौतुकाला जागा नाही. हृदयरोगतज्ज्ञांना ती नर्स मेहनती आहे की आळशी याच्याशी काय देणंघेणं?

म्हणून कुणी मला विचारलं की इथे काय लिहू, तर मी आधी विचारते, ‘पत्र पोचल्यावर समोरच्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ माणूस हातात घ्यावा, तर रेफरल. माहितीची खात्री करावी, तर रेफरन्स. माणूस निवडावा, तर रेकमेंडेशन. दहातले नऊ प्रश्न इथेच मिटतात.

‘टू’ची करामत

क्रियापदाने गोंधळ वाढतो, कारण रेफरल आणि रेफरन्स दोघांचं क्रियापद एकच: रेफर. ‘आय रेफर्ड हिम टू डॉक्टर देशमुख’ म्हणजे मी त्याला डॉ. देशमुखांकडे पाठवलं. ‘आय रेफर्ड टू हिम’ म्हणजे मी त्याचा उल्लेख केला. एक ‘टू’ इकडचा तिकडे झाला की पेशंट दवाखान्यात जाण्याऐवजी नुसता बोलण्यात येतो. मराठीत ही अडचण नाही, आपल्याकडे ‘ला’ आणि ‘कडे’ आपापली जागा धरून असतात. म्हणूनच मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याचं इथे हमखास चुकतं.

स्पेलिंगचं सांगायचं तर रेफरल, रेफर्ड, रेफरिंग यांत ‘आर’ हे अक्षर ‘एफ’नंतरच्या ‘ई’पुढे जोडीने येतं. रेफरन्स आणि रेफरी यांत एकटं. कारण उच्चाराच्या आघातात आहे. रेफरल म्हणताना जोर ‘फर’वर पडतो, तिथे अक्षर दुप्पट होतं. रेफरन्समध्ये जोर पहिल्या ‘रे’वर सरकतो, दुप्पट करायचं कारण उरत नाही. रेफरीत तो शेवटच्या ‘री’वर जातो, तिथेही तेच. हे लक्षात राहत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आपण एका वेबसाइटवरून दुसरीवर गेलो की ब्राउझर ‘हा कुठून आला’ हे ज्या नावाखाली कळवतो, ते ‘रेफरर’ हे नाव १९९६ च्या एचटीटीपी मानकात, म्हणजे वेबची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या नियमावलीत, एक ‘आर’ गाळून छापलं गेलं. तोवर ते वापरात रुळलं होतं, म्हणून आजतागायत तसंच ठेवलंय. नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’त मात्र स्पेलिंग बरोबर आहे. आज दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते का?

या शब्दाचा गाभा मला इथे दिसतो. लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे मागे, परत. ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. प्रश्न आपल्याजवळून उचलून ज्याचा अधिकार आहे त्याच्यापुढे नेऊन ठेवणं.

फुटबॉलचा रेफरी असाच जन्मला. सुरुवातीला दोन्ही संघांचे आपापले पंच असत, त्यांचं जमलं नाही की वाद बाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे नेला जाई. ज्याच्याकडे वाद नेला तो रेफरी. १८९१ मध्ये तो मैदानात आला. क्रिकेटमध्ये नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत मैदानावरच्या पंचांनी सचिन तेंडुलकरच्या धावबादचा निर्णय तिसऱ्या पंचांकडे सोपवला आणि टीव्हीवर पाहून बाद दिला गेलेला तो पहिला फलंदाज ठरला. मैदानावरच्या पंचाने हातांनी चौकोन काढणं हे रेफरलचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ चित्र आहे. पंच म्हणतो, मला इथून दिसत नाही, ज्याला दिसतं त्याला विचारतो. पण तो मैदान सोडून जात नाही. वरून आलेला निर्णय बोटाने दाखवायचा तोही त्यालाच.

डॉक्टरी रेफरलचंही असंच असायला हवं. पाठवणाऱ्याने चिठ्ठी द्यावी, काय दिलं काय नाही ते लिहावं, आणि पेशंट परत आला की त्याला ओळखावं. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फॅमिली डॉक्टरने केलेलं रेफरल रुग्णालयाला मिळालं त्या तारखेपासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांचा घोषित मापदंड आहे. तो नेहमी पाळला जातो असं नाही. पण मोजणी कशापासून सुरू होते ते पाहा: कागद पोचल्यापासून. रेफरल हा तिथे तारीख असलेला, नोंद असलेला कागद आहे.

आणि म्हणूनच तिथे त्याला जोडून आणखी एक शब्द चालतो: साइनपोस्टिंग. दवाखान्याच्या स्वागतकक्षातली बाई फोनवर तुमची तक्रार ऐकते आणि सांगते, यासाठी डॉक्टर नकोत, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारा. तिने वाट दाखवली. पत्र लिहिलं नाही, तिकडे कुणाला कळवलं नाही. तुम्ही गेलात न गेलात, तिच्या दप्तरी प्रश्न संपला. तिकडे राहायला गेलेल्या मराठी मंडळींनी हा फरक पक्का समजून घ्यावा. ‘डॉक्टरांनी मला रेफर केलंय’ अशा समजात माणूस महिनोन्महिने पत्राची वाट पाहतो आणि प्रत्यक्षात नुसता फोन नंबर हातात दिलेला असतो. तेव्हा तिथल्या तिथे विचारायचं: हे रेफरल आहे की साइनपोस्टिंग? रेफरल असेल तर कुठल्या तारखेला गेलं?

आपल्या सरकारी कचेऱ्यांत वाट दाखवण्याला तोटा नाही. ‘चार नंबरच्या खिडकीवर जा’, ‘हे आमच्याकडे येत नाही, तलाठ्याला भेटा’. माहिती अधिकार कायदा, २००५ याने इथे एक फार मोलाची गोष्ट केली. कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्या कार्यालयानेच तो ५ दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. माणसाला हेलपाटा नाही, कागदाला. याला इंग्रजीत शब्द आहे ट्रान्सफर, मराठीत ‘वर्ग करणे’. झिरो एफआयआरचंही तेच. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होतो. ‘वर्ग करणे’ हा शब्द मला आवडतो. त्यात कुणी कुणाला काय दिलं ते स्वच्छ कळतं.

रेफर केला की ट्रान्सफर केला?

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज अशी चढण आहे. सिंधुदुर्गातला पेशंट गंभीर झाला की बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला नेतात. मराठवाड्यात घाटीला, पुण्याच्या बाजूला ससूनला. या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो: ‘रेफर केला.’ ॲम्ब्युलन्समध्ये सलाइनसकट घालून पाठवला तरी रेफर, आणि ‘एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या’ म्हटलं तरी रेफर.

इंग्रजी वाचणाऱ्या परदेशी माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. खाटेवरचा पेशंट एका रुग्णालयाने सोडला आणि दुसऱ्याने घेतला, तर ट्रान्सफर. मत मागवलं किंवा पुढच्या तज्ज्ञाची वेळ घेऊन दिली, तर रेफरल. विम्याच्या दाव्यात, रजेच्या अर्जात, व्हिसाच्या कागदात मी हा फरक आवर्जून करते. चिठ्ठीवर ‘रेफर’ असलं तरी प्रसंग हलवण्याचा असेल, तर आधी मूळ शब्द तसाच ठेवते आणि खाली भाषांतरकाराच्या टिपेत लिहिते की पेशंट त्याच दिवशी ॲम्ब्युलन्सने दुसऱ्या रुग्णालयात हलवला. मूळ कागदातला शब्द परस्पर बदलायचा अधिकार भाषांतरकाराला नाही, पण वाचणाऱ्याला अंधारात ठेवायचाही नाही.

ब्रिटन आणि अमेरिका: एकच शब्द, उलटा अर्थ

‘सेल्फ रेफरल’ हा जोडशब्द दिसला की आधी देश पाहा. इंग्लंडमध्ये याचा अर्थ पेशंटने फॅमिली डॉक्टरला वगळून स्वतःच सेवेकडे नाव देणं. मानसिक आरोग्यासाठीच्या टॉकिंग थेरपीज सेवेला तिथे असं थेट जाता येतं. चांगली, सोयीची गोष्ट.

अमेरिकेत कायद्याच्या भाषेत सेल्फ रेफरल म्हणजे डॉक्टरने पेशंटला स्वतःचा किंवा घरच्यांचा आर्थिक संबंध असलेल्या तपासणी केंद्रात पाठवणं. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, पेशंटांबाबत असं करायला स्टार्क कायद्याने बंदी आहे. पहिला स्टार्क कायदा १९८९ चा, खासदार पीट स्टार्क यांच्या नावावरून ओळखला जाणारा. म्हणजे एका देशात पेशंटची सोय, दुसऱ्यात डॉक्टरला मनाई.

या दुसऱ्या गोष्टीचा एक भाऊबंद आपल्याला अनोळखी नाही. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनला आपण ‘कट’ म्हणतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत कलम ६.४ खाली पेशंट पाठवण्याच्या मोबदल्यात भेट, कमिशन, बोनस घेणं-देणं डॉक्टरांना मना केलेलं आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता. त्यामुळे मराठी कानाला ‘रेफरल फी’ ऐकून खटकतं आणि ते खटकणं रास्त आहे. पण पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत ‘रेफरल बोनस’ उघड आणि मान्य असतो. तिथला कर्मचारी ओळखीच्या उमेदवाराचं नाव आतून पुढे करतो, तो लागला की ठरलेली रक्कम पगारात येते. शब्द एकच, पण इथे कुणाचा जीव पणाला लागलेला नसतो आणि पैसे कोण देतं ते सगळ्यांना माहीत असतं.

अमेरिकेत नोकरीला जाणाऱ्यांनी विम्याचा प्रकार निवडताना हे पाहावं. एचएमओ प्रकारात तज्ज्ञाकडे जायला सहसा आपल्या ठरलेल्या डॉक्टरचं रेफरल लागतं, नसेल तर बिल अंगावर येऊ शकतं. पीपीओत सहसा लागत नाही, हप्ता मात्र साधारणपणे जास्त. आणि रेफरल मिळालं म्हणजे विम्याची पूर्वपरवानगी मिळाली असं नाही, ती वेगळी काढावी लागते.

नोकरीच्या फॉर्मवर

फॉर्मवर ‘रेफरल’ असा रकाना असेल तर तिथे त्याच कंपनीत आज काम करणाऱ्या आणि तुमचं नाव पुढे करणाऱ्या माणसाचं नाव हवं. ‘रेफरन्सेस’ असेल तर तुमच्या कामाबद्दल सांगू शकणाऱ्या, शक्यतो आधीच्या वरिष्ठांची नावं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने ‘रेफरल’च्या रकान्यात आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांचं नाव टाकलं, कारण तेच सर्वांत मोठे गृहस्थ त्याला माहीत होते. कंपनीने ते आपल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत शोधलं, सापडलं नाही, अर्ज बाजूला पडला. त्याला वाटत राहिलं की मार्क कमी पडले.

रेफरी म्हणून कुणाचं नाव देण्याआधी त्यांना विचारा. आपल्याकडे ‘सरांचं नाव टाकलंय’ असं नंतर कळवायची पद्धत आहे. तिकडून फोन आला आणि सर म्हणाले ‘कोण बरं हा?’ की संपलं.

‘रेकमेंडेशन’ला घाबरायचं कारण नाही. ‘शिफारस’ला आपल्याकडे वशिल्याचा वास चिकटलाय, त्यामुळे पुष्कळ प्राध्यापक दोन कोरड्या ओळी लिहून देतात. अमेरिकन विद्यापीठाला ते पुरत नाही. तिथे प्रसंग लागतो: या मुलीने अमुक प्रयोग तीनदा फसल्यावर चौथ्यांदा कसा केला.

कायद्याच्या भाषेत नियम उलटतो

एवढं सगळं वाचून कुणी वकिली मसुद्यातले रेफरन्स खोडून रेफरल करायला जाईल, म्हणून सांगते. न्यायालयात प्रश्न वर पाठवण्यालाच रेफरन्स म्हणतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४३ प्रमाणे राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवतात तो प्रेसिडेन्शियल रेफरन्स. लवादाकडे वाद सोपवला, तोही रेफरन्स. मध्यस्थीच्या बाबतीत मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली खटला मध्यस्थाकडे धाडणाऱ्या न्यायाधीशाला रेफरल जज म्हणतात. इथे तर्क लढवू नये, त्या त्या कायद्यात छापलंय तेच उचलावं.

रेफरलसारखे भासणारे आणखी दोन शब्द आहेत. वेबसाइटचा पत्ता बदलला की लागतो तो रीडायरेक्ट. रस्ता बंद असला की लागतं ते डायव्हर्जन. या दोन्हींत माणसाबद्दल कुणी कुणाला काही लिहीत नाही, म्हणून ते रेफरल नव्हेत.

आणि मराठीत?

सरकारी कागदात ‘संदर्भित’ रुळलाय, तो बदलणं आपल्या हाती नाही. पण जिथे लिहिणं आपल्या हाती आहे तिथे मी ‘पुढे पाठवणे’ लिहिते. ‘रुग्णास संदर्भित करण्यात येत आहे’ यापेक्षा ‘रुग्णाला पुढील उपचारांसाठी ससूनला पाठवत आहोत’ हे पेशंटच्या बायकोलाही वाचून कळतं. चिठ्ठी तिच्याच हातात असते. बोलताना ‘रेफर केलं’ खुशाल म्हणावं, तो आता मराठीच झालाय.

त्या मुलाच्या कागदाचं नवं भाषांतर मी रात्री बसून केलं. ‘फॉर रेफरन्स’ काढलं, ‘रेफर्ड फॉर फर्दर ट्रीटमेंट’ लिहिलं, खाली टिपेत हलवल्याची वेळ घातली: पहाटे ४.२०, ऑक्सिजनसह. ती वेळ मूळ चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनने लिहिलेली होती आणि आधीच्या भाषांतरात ती बाजू घेतलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी रजा मंजूर झाल्याची मेल आली.